साठ टक्क्यांची धावपट्टी

धावपट्टीची लांबी नकाशावर एकदाच लिहिली जाते. ती विमानाला पुरेल का, हे मात्र दिवसागणिक बदलते. तापलेल्या हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि धाव लांबते. जेट प्रवासी विमानांसाठी अमेरिकेने १९५७ साली केलेल्या विशेष नियमाने त्या दिवसाचे तापमान हिशेबात धरणे सक्तीचे केले. उड्डाणाचे गणित मुळातच संशयी आहे. ऐन धावेत एक इंजिन बंद पडणार, असे ते धरून चालते. ‘व्ही-वन’ या वेगापर्यंत थांबण्याचा निर्णय झाला तर विमान उरलेल्या जागेत थांबलेच पाहिजे. त्यापुढे ते उरलेल्या जोरावर उडालेच पाहिजे.

उतरण्याचा नियम वरकरणी सोपा आहे. चाचणीत, कोरड्या पट्टीच्या उंबरठ्यावर विमान ५० फूट उंच असल्यापासून ते पूर्ण थांबेपर्यंतचे अंतर मोजतात. रिव्हर्स थ्रस्टची, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा वळवण्याची, मदत धरत नाहीत. हे अंतर पट्टीच्या ६० टक्क्यांत बसले, तरच जेट विमानाने निघायचे. पट्टी ओली असण्याचा अंदाज असेल, तर आणखी १५ टक्के लांबी लागते. म्हणजे २,७०० मीटरच्या पट्टीवर चाचणीचे अंतर कोरड्यात १,६२० आणि ओल्यात सुमारे १,४०९ मीटरांपर्यंतच चालते. उरलेले ४० टक्के ही चैन नव्हे. चाचणी-वैमानिक कचकचून ब्रेक दाबतो. प्रवाशांनी भरलेल्या विमानात रोज कोणी तसे दाबत नाही.

खरी खोच वेगळीच होती. हा नियम निघतानाचा, म्हणजे अंदाजावर बेतलेला. पोहोचल्यावर पट्टी प्रत्यक्षात कशी आहे, याचा नव्याने हिशेब मांडायची सक्ती नव्हती. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फ पडत होता, वारा पाठीमागून होता. बोइंग ७३७ पट्टी आणि कुंपण ओलांडून रस्त्यावर गेले आणि एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा दगावला. पुढच्याच वर्षी अमेरिकी नियामकाने सुचवले, की उतरण्यापूर्वी ताज्या स्थितीवरून अंतर काढावे आणि त्यावर किमान १५ टक्के जागा राखावी. ती सूचनाच होती, सक्ती नव्हे.

गणित कितीही ताजे असले, तरी चाके कुठे टेकतात यावर पुढचे सारे अवलंबून असते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडच्या २,७०० मीटरच्या ओल्या पट्टीवर विमान उंबरठ्यापासून सुमारे १,३५० मीटर पुढे टेकले. निम्मी पट्टी तिथेच संपली होती. २१ जण मृत्युमुखी पडले.

४ नोव्हेंबर २०२१ पासून पट्टीची स्थिती कळवण्याची आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची नवी पद्धत लागू झाली. तिच्यात पट्टीच्या प्रत्येक तृतीयांशाला ० ते ६ असा अंक देतात. कोरड्या पट्टीला ६; शून्य असेल, तर तिथे विमान उतरवत नाहीत.