भाता कोणी ओढला?

सायकल हे गरिबाचे वाहन आहे, अशी माझी पुष्कळ वर्षांची समजूत होती. पुतण्याने आणलेल्या सायकलची किंमत कळली आणि ती गेली. तेवढ्या पैशांत आम्हा मेढेकरांच्या दारात बरी दुभती म्हैस उभी राहिली असती. बरे, एवढे मोजून या सायकलला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही. टायर मात्र पैलवानाच्या दंडासारखे. "काका, ही ग्रॅव्हल बाइक आहे. खडीवर चालवायची," पुतण्याने समजावले.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे गाव आहे. तिथे २००६ साली खडीच्या रस्त्यांवरून २०० मैलांची सायकल शर्यत सुरू झाली. लोक दूरदूरहून येतात आणि त्या खडीवर हाडे खिळखिळी करून घ्यायला वर पैसे भरतात! आमच्या जावळी तालुक्यात एक पावसाळा सरला की हीच सोय फुकट होते, आणि आम्ही वेडे तिच्याविरुद्ध अर्ज करत बसतो.

पुतण्याची मजल अजून कॅन्ससपर्यंत गेलेली नाही. सध्या 'ब्रेव्हे' नावाच्या प्रकाराची तयारी चालू आहे. २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत कापायचे. पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत आला तो पास. (आमच्या वेळी शाळेत हे कोणाला सुचले नाही.) त्यासाठी हा पहाटे चारला उठून केळघरचा घाट चढतो, महाबळेश्वर गाठतो आणि आल्या पावली परत येतो. एरवी माणसे महाबळेश्वरला विश्रांतीला जातात! रात्री ओसरीवरचा दिवा मालवून ट्यूब बदलण्याचा सराव चालतो. पंक्चर नेहमी अंधारातच होते म्हणे. सामानाचे वजन कमी करायचे म्हणून दात घासायच्या ब्रशची अर्धी दांडी करवतीने कापली. त्याच पिशवीत वहिनींनी अर्धा किलो शेंगदाण्याचे लाडू भरले, ते मात्र त्याला जड वाटले नाहीत.

इथवर सगळे ठीक होते. घोटाळा केला तो स्वावलंबनाने.

या प्रकारात मुख्य नियम असा, की स्वाराने आपले आपण निभवायचे. मदतीची गाडी मागे ठेवायची नाही, घरच्यांनी हातभार लावायचा तो नेमल्या ठिकाणीच. २०१३ साली युरोप ओलांडून जाणारी एक शर्यत सुरू झाली. तिचा नियम आणखी कडक, वाटेत जे कोणालाही विकत मिळते तेवढेच घ्यायचे. आमच्या चिरंजीवांनी सरावाला हाच नियम धरला.

एका सकाळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत एका आजींनी घामाघूम झालेले हे पोर पाहिले आणि ताकाचा तांब्या पुढे केला. याने विचारले, "किती द्यायचे?"

"आरं, ताकाचं पैसं घेत्यात व्हय कुटं?"

झाले! पैसे नाहीत म्हणजे ती मदत, आणि मदत म्हणजे नियमभंग. याने हात जोडले, पुढे दोन किलोमीटरवर टपरीत रंगीत पाण्याची बाटली विकत घेतली आणि स्वावलंबन राखले.

बाजाराच्या दिवशी आजी मला मेढ्यात भेटल्या. म्हणाल्या, "गुर्जी, तुमच्या पोराला आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?"

आपल्याकडे या प्रश्नाला फार जुना आणि फार वाईट अर्थ आहे. तो ऐकून भर बाजारात मला घाम फुटला. आता आजींना युरोपातली शर्यत कोण समजावणार?

घरी आल्यावर मी पुतण्याला १९१३ सालची गोष्ट सांगितली. फ्रान्सच्या त्या प्रसिद्ध शर्यतीत यूजीन क्रिस्तोफ नावाच्या स्वाराच्या सायकलचा पुढचा चिमटा तूर्मालेच्या घाट-उतारावर मोडला. दुरुस्तीला दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा नियम. गडी सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरांहून जास्त चालला, खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतः हातोडा घेऊन चिमटा सांधला. पंच तिथेच उभे. त्यांनी त्याला १० मिनिटांचा दंड केला. का? तर भाता एका पोराने ओढला! पुढे दंड ३ मिनिटांवर आला, पण माफ काही झाला नाही.

"आता मला सांग," मी म्हणालो, "भट्टी लोहाराची, कोळसा लोहाराचा, लोखंड लोहाराचे. ते चालले. आणि पोराच्या दोन हातांनी स्वावलंबन बुडाले?"

"काका, नियम नसता तर ज्याच्या घरी गाड्या आणि नोकर, तोच पुढे गेला असता. गरिबाच्या पोरासाठीच हा नियम आहे."

मुद्दा खरा होता. पण मग टपरीवरची बाटली? ती कोणीतरी भरली, कोणीतरी ट्रकमधून घाटापर्यंत आणली. मधे वीस रुपये आले म्हणून ते सगळे हात दिसेनासे झाले. आजींचा हात मात्र लख्ख दिसला, कारण तो रिकामाच परत गेला.

आमच्या जावळीतल्या कितीतरी घरांतली माणसे मुंबईला ओझी वाहायला गेली. त्यांच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यांतल्या एका म्हाताऱ्यापाशी मी हा वाद नेला. तो म्हणाला, "गुर्जी, भरलं पोतं आपलं आपल्याला पाठीवर घेता येत न्हाई. दुसऱ्यानं हात लावायलाच लागतो. पर वझं ज्याच्या पाठीवर, त्याचंच." रानातून मोळी आणणारी बाईसुद्धा वाटेतल्या माणसाला 'जरा हात लाव' म्हणते. मोळी आपली अर्धी झाली, असे काही त्या माणसाला वाटत नाही.

पुतण्या हे ऐकून काही बोलला नाही. पुढच्या रविवारी तो वाडीत थांबला, ताक प्यायला आणि वहीत लिहिले : 'बाहेरची मदत – ताक, एक तांब्या. दंड ३ मिनिटे.' तोवर आजींनी दुसरा तांब्या भरला होता. त्याचे वेगळे तीन धरायचे की त्यातच, यावर आमच्या ओसरीवर अजून वाद चालू आहे.