तक्रार वेगळी, हिशेब वेगळा

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास वसई रोड स्टेशनबाहेर बहुतेक दुकानांची शटर अर्धीच वर गेलेली असतात. पाववाला, दूधवाला आणि फुलपुडीवाल्या मावशींपुढे मात्र गर्दी जमलेली असते. या वेळी तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "सुटे द्या ना, अजून बोहनी पण नाही झाली." समोरचे गिऱ्हाईक पंचवीस-तीस रुपयांच्या मालासाठी पाचशेची नोट धरून उभे असते, कारण एटीएममधून तीच निघालेली असते. मागे लोकल पकडायच्या घाईत असलेली माणसे. दुकानदाराच्या कपाळावर आठी आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर वैताग. दिवस नीट उजाडण्याआधीच दोन माणसांचे एकमेकांविषयी वाईट मत होऊन गेलेले असते.

दुकानातल्या वागणुकीबद्दल तक्रार नाही असा माणूस आपल्यात सापडणे कठीण. वस्तू कुठे आहे विचारावे तर मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता "तिकडे बघा" म्हणतो. बिल करणारी मुलगी शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीशी गप्पा मारत आपले सामान ढकलते. दोन रुपये परत द्यायचे असले की न विचारता गोळी हातावर टेकवली जाते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे का घेता विचारले, तर "थंड करायचे लागतात" असे उत्तर येते. दहाचे नाणे पुढे केले की "हे चालत नाही" म्हणून परत सरकवले जाते. खरे तर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले होते, की दहा रुपयांच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. तरीही काउंटरवर वाद होतोच, आणि मागच्या रांगेला उशीर नको म्हणून आपणच गप्प बसतो.

या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांच्या आडून आपण कधी कधी एक भलतीच सूट घेतो.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचा किस्सा आहे. एका मोठ्या दुकानात त्यांचे बिल झाले तीनशे ऐंशी रुपये. त्यांनी पाचशेची नोट दिली. काउंटरवरच्या मुलीने त्याआधी त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवले होते, पिशवी मागितली तर "वीस रुपये पडतील, घ्यायची तर घ्या" असे तोडून बोलली होती. परत आले दोनशे वीस. म्हणजे शंभर रुपये जास्त. गृहस्थ हे सगळे खाली बाकावर बसून रंगवून सांगत होते आणि शेवटी म्हणाले, "एवढं उद्धट बोलली. म्हटलं, जाऊ दे, दंड वसूल झाला." बाकावरचे सगळे हसले. त्यांच्यातच एक काकी होत्या, आयुष्यभर दुकानात नोकरी केलेल्या. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "दंड कोणाला लागला, भाऊ?"

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर काउंटर बंद होताना काय होते ते ठाऊक हवे. पाळी संपली की गल्ला मोजतात. सकाळी सुट्यांसाठी दिलेली रक्कम, दिवसभराची रोख विक्री, कार्डाचे आणि यूपीआयचे पैसे, परत घेतलेला माल, या सगळ्याचा मेळ बसवावा लागतो. त्याला कॅश टॅली करणे म्हणतात. रोख जास्त भरली तर ती दुकानात जमा होते. कमी भरली, शॉर्ट आली, तर अनेक ठिकाणी ती ज्याच्या काउंटरवर आली त्याच्या पगारातून जाते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून अशी कपात करण्याची वाट आहे. नोकराकडे सोपवलेल्या पैशात त्याच्या हलगर्जीपणामुळे तूट आली तर ती वेतनातून कापता येते. मात्र त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ही अट छोट्या दुकानात किती पाळली जात असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

म्हणजे त्या गृहस्थांच्या खिशात आलेले शंभर रुपये मालकाच्या नफ्यातून आले असतील असे धरून चालता येत नाही. ते नालासोपाऱ्याच्या किंवा विरारच्या एखाद्या चाळीतून दोन रिक्षा बदलून येणाऱ्या मुलीच्या पगारातून आलेले असू शकतात. उद्धटपणाचा दंडच लावायचा झाला, तर तो किती, कोणी आणि कुठल्या अधिकाराने लावायचा, हेही आपणच ठरवणार का? तक्रारदार, न्यायाधीश आणि वसुली कारकून अशी तिन्ही कामे एकाच माणसाने केली, तर त्याला न्याय म्हणत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीनेही इथे शंकेला जागा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते, की ज्याला चुकून पैसे दिले गेले त्याने ते परत केले पाहिजेत. चूक देणाऱ्याची होती, तो उद्धट होता, आपण मागितले नव्हते, यांपैकी कोणतेही कारण तिथे चालत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या यूपीआयलाही लागू पडतो. घाईत पन्नासऐवजी पाचशे टाकले गेले आणि दुकानातल्या डबीने ते मोठ्याने जाहीर केले, तर दुकानदाराने साडेचारशे परत केलेच पाहिजेत, अशी आपली ठाम अपेक्षा असते. मग काउंटरच्या या बाजूला उभे असताना आपल्यासाठी नियम वेगळा कसा?

रक्कम लहान असली की आपले मन फार सहज सैल होते. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक 'सापडलेली' पाकिटे बँका, हॉटेले, टपाल कार्यालये, नाट्यगृहे, पोलीस ठाणी अशा ठिकाणी काउंटरवरच्या माणसांच्या हाती दिली. त्या देशांत भारतही होता. पैसे नसलेली पाकिटे सुमारे ४० टक्के लोकांनी मालकाला कळवली. थोडे पैसे असलेली पाकिटे मात्र ५१ टक्के लोकांनी. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तेव्हा परत करू पाहणाऱ्यांचे प्रमाण आणखी वाढले. मोह वाढला की प्रामाणिकपणा घटेल, असा आपला समज असतो. घडले उलटेच. रक्कम मोठी असली की माणसाला स्वतःला चोर म्हणवून घेणे जड जाते. यातून आपल्याला घेण्यासारखे असे, की घसरण्याचा धोका लाखाच्या पाकिटापाशी कमी आणि दहा, वीस, शंभराच्या सुट्यापाशी जास्त. तिथे आपल्याला आपण चोर वाटतच नाही. त्यातून समोरची व्यक्ती उर्मट असेल तर आपण उलट न्यायप्रियच वाटतो. आणखी एक. त्या प्रयोगात ज्यांची परीक्षा झाली ती सगळी काउंटरवर काम करणारी माणसे होती. ज्यांच्यावर आपण सहज चिडतो, त्यांच्यातल्याच अनेकांनी अनोळखी माणसाचे पैसे त्याच्यापर्यंत पोचवायची धडपड केली.

काउंटरमागचे ते रुक्ष तोंड कशाने बनते, याचाही विचार करायला हवा. कापडाच्या आणि किराण्याच्या मोठ्या दुकानांत नोकर आठ-दहा तास उभे असतात. गिऱ्हाईक नसताना बसले तरी ओरडा बसतो. केरळात कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने दुकानातल्या नोकरांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. काम करताना टेकायला एक स्टूल मिळावे, यासाठी या देशात कायदा करावा लागतो. दिवसभर उभे राहून पाय सुजलेल्या माणसाकडून आपण हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करतो. अपेक्षा चूक नाही, पण ती न पुरवण्यामागे दर वेळी उर्मटपणाच असतो असे नाही.

पुष्कळ दुकानांत आणि बँकांत गल्ल्यामागे एक पाटी टांगलेली असते. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर नव्हे तर आपण त्याच्यावर अवलंबून, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली महात्मा गांधींचे नाव. हे शब्द त्यांनी १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत उच्चारले, असेही सांगितले जाते. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत पोचले १८९३ मध्ये. १८९० मध्ये ते लंडनमध्ये बॅरिस्टर होण्याचा अभ्यास करत होते. ग्राहकाला देव्हाऱ्यात बसवणाऱ्या पाटीचाच हिशेब असा चुकलेला आहे. ग्राहक पाहुणा नाही आणि नोकर सेवेकरी नाही. दोघे मिळून एक व्यवहार करत असतात, आणि व्यवहाराला दोन्ही बाजूंनी सरळ असावे लागते.

सरळ असणे म्हणजे मुकाट राहणे नव्हे. जास्त आलेले परत करायचे, तसे कमी आलेले मागायचे. आपल्याकडे दोन रुपये मागायची लाज वाटते, लोक चिकट म्हणतील अशी भीती वाटते. हीच माणसे आगाशीहून टोपली घेऊन आलेल्या भाजीवालीशी मात्र पालकाच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात. जिथे घासाघीस करू नये तिथे करायची आणि जिथे हक्काचे मागायचे तिथे लाजायचे, हा आपला उलटा हिशेब आहे. गोळी हे चलन नाही. ती नको असेल तर नको म्हणावे, आवाज न चढवता. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, वागणूक फारच वाईट मिळाली, तर व्यवस्थापकाला किंवा मालकाला तिथल्या तिथे सांगावे. तिथे दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीसाठी एवढ्या वाटा असताना ती शंभराच्या नोटेतून वळवायचे काही कारण नाही. शिवाय गुपचूप ठेवून घेतलेल्या पैशातून तक्रार कोणाला ऐकूच जात नाही. ती मुलगी दुसऱ्या दिवशी तशीच बोलणार, फक्त शंभर रुपयांनी गरीब होऊन.

म्हणून आज घराबाहेर पडताना एवढे करून पाहा. बोहनीच्या वेळी जमेल तेवढे सुटे जवळ ठेवा. पैसे काउंटरवर टाकू नका, हातात द्या. परत आलेले पैसे काउंटर सोडण्याआधी, समोरच्याच्या देखत मोजा. त्यात संशय नाही, उलट चूक झालीच तर ती दोघांनाही तिथेच सुधारता येते. कमी असतील तर सांगा. जास्त असतील तरीही सांगा, आणि ती व्यक्ती गोड बोलली होती की तुसड्यासारखी, हे त्या क्षणी मध्ये आणू नका. बोलायचे असेल ते पैसे परत केल्यावर बोला. तेव्हा आपल्या शब्दाला वजन येते, कारण आपले हात रिकामे असतात.

आणि परत करताना समोरून साधे "थँक्यू"ही आले नाही, तरी वाईट वाटून घेऊ नका. आपण काही दिले नव्हते. पैसे तिचेच होते.