सरकारी काम, घरबसल्या, बिनपगारी

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंका पडायला लागतात. अमुक मंत्रालयात इंटर्नशिप, तमुक आयोगात इंटर्नशिप. कालावधी दोन महिने, ठिकाण ऑनलाइन, मानधन नाही, प्रमाणपत्र मिळेल. खाली दहा जण अंगठे दाखवतात, त्यातले तिघं-चौघं खरंच फॉर्म भरतात. ‘मानधन नाही’ हे एखाद्या कंपनीनं लिहिलं असतं तर आपण दोन शिव्या हासडून पुढं गेलो असतो. सरकारनं लिहिलं की मात्र जरा बिचकतो. सरकार म्हणजे आपणच, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलोय ना आपण. मग आपल्याच सरकारसाठी फुकट काम करायचं, याला म्हणायचं काय? शिक्षण, देशसेवा, की वेठ?

वेठ हा शब्द जड आहे, पण कसबा बावड्यात बसून या विषयावर लिहिताना तो टाळता येत नाही. राजर्षी शाहूंचा जन्म इथला, लक्ष्मी-विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. याच राजानं १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली महार वतनं रद्द केली. वतन म्हणजे काय होतं? जमिनीचा एक तुकडा, आणि त्याच्या बदल्यात अख्ख्या घरानं सरकारची आणि गावाची कामं करत राहायचं. टपाल पोचवायचं, ओझी वाहायची, साहेब आला की हजर व्हायचं. कागदावर तो हक्क होता, गावाच्या भाषेत मानही होता. शाहूंनी त्या मानाच्या आत काय आहे ते पाहिलं. वतनाची जमीन रयतावा करून दिली आणि सेवेचं बंधन तोडलं.

लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराची त्या वतनदाराशी तुलना करणं हा त्या वतनदाराचा अपमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण एक धागा कामाचा आहे: फुकटच्या कामाला मान, सेवा, संधी अशी नावं दिली की आतलं काही दिसेनासं होतं. पुढं संविधानाच्या अनुच्छेद २३ नं वेठबिगारीला बंदी घातली. १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ आणखी ताणला. पाठीवर चाबूक असला तरच सक्ती, असं नाही. परिस्थितीनं दुसरा पर्यायच ठेवला नाही आणि माणूस किमान वेतनाहून कमी पैशात राबला, तर तीही सक्तीच, असं न्यायालय म्हणालं.

हा निकाल इंटर्नला लागू होतो का? कायद्याच्या भाषेत बहुधा नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं ॲप्रेंटिसला विद्यावेतन बंधनकारक आहे, पण इंटर्न हा प्राणी त्या कायद्यात बसत नाही. तो विद्यार्थी धरला जातो. नीती आयोगाच्या इंटर्नशिपमध्येही मानधन नसतं, आणि लॅपटॉप ज्याचा त्यानं आणायचा असतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमातच इंटर्नशिप आली, साधारण ३० तासांना एक क्रेडिट या हिशेबानं. म्हणजे जे मर्जीचं होतं ते हळूहळू मार्कांना चिकटलं. तरीही मी याला वेठ म्हणणार नाही. फॉर्म भरायचा नसेल तर कुणी घरी येऊन ओढून नेत नाही.

गफलत वेगळ्या ठिकाणी आहे, असं मला वाटतं. वेठीत अन्याय व्हायचा तो ‘नाही’ म्हणू न शकणाऱ्यावर. इथं तो ‘हो’ म्हणू न शकणाऱ्यावर होतो, आणि तो कुठंच नोंदला जात नाही, कारण ज्यानं फॉर्मच भरला नाही त्याची यादी कोण ठेवणार?

घरबसल्या इंटर्नशिपचं कौतुक याच मुद्द्यावर केलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. पूर्वी दिल्लीतल्या मंत्रालयात काम शिकायचं तर आधी दिल्लीत राहायला लागायचं. खोलीचं भाडं, मेस, मेट्रो, कोल्हापूरहून जायचं-यायचं तिकीट. बिनपगारी दोन महिन्यांसाठी एवढे पैसे कुठल्या घरात मोकळे पडलेले असतात ते तुम्हाला माहीत आहे. आता बावड्यातल्या लाइन बाजारातल्या पोरीनं लॅपटॉप उघडला की दिल्लीतली बैठक समोर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं २००९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी अशीच दूरस्थ योजना काढली होती, आठवड्याला दहाएक तास, बिनपगारी. कल्पना तीच होती: ज्याला वॉशिंग्टनला येणं परवडत नाही त्यानं घरून काम करावं. हा दरवाजा खरंच उघडलाय, त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण दरवाजा उघडणं आणि आत येता येणं यातला फरक कोल्हापूरला फार जुन्या काळापासून कळलेला आहे. राजाराम कॉलेज होतं, हायस्कूल होतं, खेड्यातल्या पोरांना कुणी फाटकावर अडवत नव्हतं. तरी पोरं येत नव्हती. कारण रात्री झोपायचं कुठं आणि खायचं काय, याला उत्तर नव्हतं. शाहूंनी त्याला उत्तर दिलं ते वसतिगृहांचं. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाहूंचं नाव निघालं की १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण त्या हुकमाच्या आधीच बोर्डिंगची सुरुवात झाली होती, हा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी पोराच्या भाकरीची सोय, मग त्याच्यासाठी नोकरीत जागा.

आता म्हणतात, ऑनलाइनमुळं बोर्डिंगची गरजच संपली. समजा, बावड्यातली एक मुलगी आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पहाटे गोठा, डेअरीला दूध घालणं, मग कॉलेज, संध्याकाळी शेजारच्या चार पोरांची शिकवणी. सुट्टीत ती दुकानात पूर्ण वेळ उभी राहते, कारण पुढच्या वर्षाची फी त्यातून निघते. रोज ४ तासांची इंटर्नशिप दोन महिने करायची म्हणजे २४० तास झाले. तिला दिल्लीचं भाडं वाचलं, पण हे २४० तास ती कुठून आणणार? शिवाय लॅपटॉप. मोबाइलवर एक्सेलचा तक्ता भरून बघा एकदा, म्हणजे कळेल. दोन खोल्यांच्या घरात मीटिंगच्या वेळी टीव्ही बंद, कुकर बंद, आजीचा खोकलासुद्धा म्यूटवर. बोर्डिंगचा खर्च संपलेला नाही, तो सरकारच्या वहीतून निघून तिच्या आईच्या वहीत गेलाय.

तिच्याच वर्गातला, घरचं बरं असलेला मुलगा ते दोन महिने काढतो. त्यात त्याची काही चूक नाही. पण तीन वर्षांनी फेलोशिपच्या अर्जात ‘शासकीय कामाचा पूर्वानुभव’ असा रकाना येतो, तेव्हा त्याच्याकडं लिहायला असतं आणि हिच्याकडं नसतं. हिला शासनाचा पूर्वानुभव भरपूर असतो, रेशनकार्डातली नावं दुरुस्त करून घेण्याचा. तो त्या रकान्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट शिकण्याची. बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात त्याची पाणीपातळी अख्ख्या कोल्हापूरच्या फोनवर फिरते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. दिल्लीत किंवा मुंबईत हा आकडा तक्त्यातल्या एका चौकटीत असतो, रंग पिवळा किंवा लाल. इथं तो आकडा ऐकला की प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरं सोडायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि महामार्ग बंद पडला, २०२१ मध्ये पुन्हा तेच. आता कल्पना करा, बावड्यातला इंटर्न घरी बसून बिहारमधल्या नदीचे आकडे भरतोय आणि पाटण्यातला इंटर्न पंचगंगेचे. दोघांनाही प्रमाणपत्र मिळेल. दोघांनाही आपण काय भरतोय ते कळणार नाही. केएमटीची बस पकडली की काही मिनिटांत कलेक्टर कचेरी येते, तिथं हा इंटर्न दोन महिन्यांत एकदाही जाणार नाही. सरकार म्हणजे खिडकीच्या एका बाजूला कारकून आणि दुसऱ्या बाजूला कागद घेऊन उभा असलेला माणूस. दोघांचे चेहरे बघितल्याशिवाय धोरण या शब्दाला काही अर्थ येतो असं मला वाटत नाही.

‘सगळ्याला पैसेच कशाला लागतात? सेवाभाव काही असतो की नाही?’ असं वडीलधारी विचारतील. असतो की. २०१९ च्या पुरात तालमी-मंडळांची पोरं छातीएवढ्या पाण्यात उतरली, भाकरी बांधून दिल्या, कुणी मानधन विचारलं नाही. पण तिथं समोर माणूस होता, पाणी ओसरलं की काम संपत होतं, आणि मदतीला उतरताना कुणी कुणाचा सीव्ही मागितला नाही. जे काम पुढं नोकरीच्या रांगेत नंबर वर सरकवणार आहे, त्याला सेवा म्हणून ते फक्त ऐपत असलेल्यांना वाटणं, ही सेवेची थट्टा झाली. पैसे दिले तर जागा कमी होतील, हा दुसरा आक्षेप. होतील थोड्या. व्हाइट हाउसमधली इंटर्नशिपसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी होती, २०२२ मध्ये तिथं पैसे द्यायला सुरुवात झाली.

नुसते पैसे दिले म्हणजे झालं, असंही नाही. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीधराला १० हजार. पोरं ग्रामपंचायतीत, शाळांत, कचेऱ्यांत प्रत्यक्ष बसली. सहा महिने झाले, मुदत वाढली, तीही सरली, आणि ‘आम्हाला कायम करा’ म्हणून ती रस्त्यावर आली. प्रशिक्षण आणि रिकाम्या खुर्चीवरची तात्पुरती नेमणूक यातली रेघ पुसली की असंच होणार. तरीही या दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी हीच योजना निवडेन. तिच्यात निदान दुकानातली पगारी सुट्टी सोडून येणं त्या मुलीला परवडू शकतं.

मला विचाराल तर एक छोटी जागा सुचवतो. पावसाळ्यात कलेक्टर कचेरीतला आपत्ती नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो, १०७७ हा त्याचा नंबर. जुलैच्या एखाद्या रात्रीच्या पाळीला तिथं कॉलेजची दोन पोरं बसवा. पहाटे तीनला फोन येतो, पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलंय, चार म्हशी आहेत, न्यायच्या कुठं? उत्तर शोधायला तिला तीन खात्यांना फोन लावावे लागतील, त्यातलं एक उचलणार नाही. हे तिला बावड्यातच राहून शिकता येईल. त्या पाळीचे पैसे, रात्रीचं जेवण, आणि बस बंद असताना घरी सोडणाऱ्या रिक्षाचं भाडं, एवढं कचेरीच्या खर्चात घालायला लागेल.