सोंग घेण्याचा हक्क

१९१८ च्या एप्रिलमध्ये नऊ दिवसांच्या अंतराने अहमदनगरात दोन मुलं जन्मली. १६ तारखेला ब्रिटिश फौजेतल्या एका आयरिश माणसाच्या घरी टेरेन्स, आणि २५ तारखेला मराठी ख्रिस्ती कुटुंबात शाहू. एक पुढे स्पाइक मिलिगन झाला, दुसरे शाहू मोडक. नगरकरांनी दोघांनाही ‘आपला’ म्हणायला हरकत नाही. पण जन्मगावामुळे नटाला नेमकं काय मिळतं?

मिलिगनचं बालपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश तोफखान्यात होता, इटलीत जखमी झाला. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवरच्या ‘द गून शो’ने इंग्रजी विनोदाची घडीच मोडली. रंगभूमीवर तो ‘ट्रेझर आयलंड’मधला बेन गन झाला. १९६४ मध्ये ‘ओब्लोमोव्ह’ करताना त्याने संहिता बाजूला सारली आणि थेट प्रेक्षकांशीच गप्पा सुरू केल्या. लोक नाटकासाठी नव्हे, तो आज काय बोलेल यासाठी येऊ लागले. अखेर नाटकाचं नावच ‘सन ऑफ ओब्लोमोव्ह’ झालं. ज्या देशासाठी लढला त्याच्याशी नागरिकत्वावरून बिनसलं, तेव्हा त्याने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. कागदावरची ओळख किती तकलादू असते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तरीही १९६९ च्या ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत तोच चेहऱ्याला तपकिरी रंग फासून, हेल काढून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार झाला. वर्णद्वेषाचीच खिल्ली उडवायची होती, असं समर्थक म्हणत. पण घराघरांत हशा पिकत होता तो त्या रंगावर आणि त्या हेलावर. तक्रारी वाढल्या आणि सहा भागांत मालिका आटोपली.

शाहू मोडक १९३२ च्या ‘श्यामसुंदर’ चित्रपटात बाळकृष्ण झाले, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे होते. पुढे कृष्णाची भूमिका त्यांनी एकोणतीस वेळा केली, असं सांगितलं जातं. १९४० मध्ये ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. शके १२१२ मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते नेवासे याच जिल्ह्यातलं. ख्रिस्ती नटात वारकऱ्यांनी माउली पाहिली, याचं आपण कौतुक करतो. नगरच्या मातीत मात्र त्यात फारसं आश्चर्य नाही. याच शहरात राहून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली होती. टाळ कुणाच्या हाती शोभतो, हा प्रश्न इथल्या ख्रिस्ती समाजाने केव्हाच निकालात काढला होता.

अर्थात प्रेक्षकांचं प्रेमही बेडी होऊ शकतं. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये मोडकांनी साकारलेला गणपत हवालदार पाहा. वेश्येवर जीव जडलेला, गणवेशाच्या आत गोंधळलेला साधा माणूस. त्यात देवत्वाचा लवलेशही नाही. पण लोकांना मुकुट आणि मोरपीसच हवं होतं.

विनोदी नट आणि भक्तिपटातला नट यांना एका मापाने मोजायचं का, असं कुणी म्हणेल. विनोदाला वेडंवाकडं बोलायची मुभा हवीच. फरक वेगळ्या जागी आहे. ज्यांचा देव मोडक रंगवत होते, तेच लोक समोर तिकीट काढून बसलेले होते आणि खोटेपणा त्यांनी क्षणात ओळखला असता. मिलिगन ज्यांचं सोंग घेत होता, त्यांना मात्र त्या करमणुकीत फक्त विषय म्हणून जागा होती.

कोणी कुणाची भूमिका करावी, यावर आज हिरिरीने वाद होतात आणि जो तो जात, धर्म, जन्मगाव तपासतो. हा निकष लावला तर ख्रिस्ती शाहूंना ज्ञानेश्वर नाकारावा लागेल आणि भारतात जन्मला म्हणून मिलिगनला तो तपकिरी रंग माफ करावा लागेल. दोन्ही निवाडे उफराटे. त्यापेक्षा एकच विचारावं: ज्यांचं सोंग घेतलं, त्यांच्यासमोर हा प्रयोग करायची नटाची तयारी आहे का?