विरह आणि लीळास्मरण

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर भक्तांना झालेल्या दुःखास मोह म्हणावे काय? संसारी जीवाचा शोक 'माझे गेले' याभोवती फिरतो, म्हणून तो त्याज्य. श्रीनागदेवाचार्य मात्र ऋद्धिपुरी लीळांचे मनन करीत राहिले, त्या मननातूनच शके 1200 (इ. स. 1278) च्या सुमारास म्हाइंभटांचे लीळाचरित्र सिद्ध झाले. त्यात विलापास थारा थोडा. स्वामी कोठे बसले, काय आरोगिले, कोणास काय निरूपिले, हेच तेथे मुख्य. मोहाला सोयीचे तेवढे आठवते. येथे विरहाने स्मरण अधिक काटेकोर केले. एकेक लीळा पडताळण्यास म्हाइंभट, एवढे पंडित असूनही, गावोगावी हिंडले. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी हरपली, असे परंपरा सांगते. तेव्हा हिराइसादी अनुयायांनी ती स्मरणावरूनच पुन्हा सिद्ध केली.