आकडा नको, तपशील द्या

पावसाळ्यातल्या रविवारी कोयनानगरच्या हॉटेलांत बसायला जागा मिळत नाही. ओझर्डे धबधब्यावरून भिजून आलेले, कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारे, सगळे दुपारी एकदमच जेवायला टेकतात. सात-आठ जणांचं जेवण, मागून घेतलेल्या दोन थाळ्या, जादा चपात्या, पोरांची भजी, पाण्याच्या बाटल्या. हात धुऊन गल्ल्यापाशी गेलं की मालक एक आकडा सांगतो. तो जरा जड वाटतो, पण मागे माणसं उभी असतात. आपण क्यूआर कोड स्कॅन करतो आणि निघतो. वाद होतो तो पुढे घाटात, गाडीत, आणि तोही आपसांतच.

पूर्वी अशा हॉटेलांत पोऱ्या टेबलापासूनच गल्ल्याकडे हाळी द्यायचा: दोन मिसळ, चार चहा, एक भजी! कागद नव्हता, पण हिशेब चारचौघांत होई आणि चूक तिथल्या तिथे सापडे. आता फोनवर संदेश येतो आणि पुरावा हाती आला असं वाटतं. त्या संदेशात किती, कुणाला, केव्हा एवढंच असतं. कशाचे, ते नसतं. थाळी दोनदा लावली की एकदा, हे बँकेला कुठून कळणार? तिच्या लेखी पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत.

कायदा याबाबत मोघम नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलात अनुक्रमांक, तारीख, पदार्थ, नग आणि किंमत यायला हवी. जीएसटी लावला असेल तर पंधरा अक्षरी क्रमांकही हवा. महाराष्ट्रातला तो २७ ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाची, कुठल्या प्रकारची, हे दिसतं. उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. म्हणजे नुसतं ‘जीएसटी ५ टक्के’ लिहिलंय आणि क्रमांक नाही, तर तिथेच थांबून विचारावं.

सगळीच शंका गिऱ्हाइकाच्या बाजूने सुटते असं मात्र नाही. बसवून वाढलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलं; टपरीवरून उचललेल्या बाटलीला ते आहे. उलट सेवा शुल्काची सक्ती दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये अमान्य केली. तो मुख्यतः शहरी हॉटेलांचा प्रश्न; कोयनेच्या खोऱ्यात अजून वेटरच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवायची रीत आहे.

इथले बरेचसे हॉटेलवाले घरच्याच माणसांवर धंदा करतात. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्यांना जीएसटी नोंदणीची गरजच नसते. त्यांच्याकडे छापील कर-बिलाचा हट्ट धरणं हा शहरी तोरा झाला. पण साध्या बिलबुकावर दर आणि नग लिहायला कुठली नोंदणी लागते? आणि तो कागद मालकालाही वाचवतो. ‘आम्ही चारच थाळ्या घेतल्या’ म्हणून अडून बसणारी टोळकी त्यालाही भेटतातच.

खरी अडचण भिडेची आहे. चाळीस रुपयांसाठी तोंड उघडलं की सोबतचेच म्हणतात, जाऊ दे ना. ज्या गावात धरणातला साठा टीएमसीत आणि शेजारच्या नवजा गावचा पाऊस मिलिमीटरमध्ये रोज नोंदला जातो, तिथे जेवणाच्या हिशेबाची नोंद मागणाऱ्याला मात्र कंजूष ठरवतात. हे मला पटत नाही. हिशेब मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं नव्हे.

तक्रारीसाठी पुढे जायचंच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पुण्याच्या माणसाला साताऱ्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. पण तिथेही पहिला प्रश्न येणार: कागद काय आहे?

‘गर्दीत बिल कुठं लिहीत बसू?’ या मालकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी बहुतेक ठिकाणी वेटर ऑर्डर चिठ्ठीवर लिहूनच भटारखान्यात देतो आणि ती चिठ्ठी तिथल्या खिळ्याला टोचलेली असते. तीच गल्ल्यावर मागवावी, प्रत्येक पदार्थापुढे दर लिहून घ्यावा, वर हॉटेलचा शिक्का मारून घ्यावा आणि मग फोन काढावा.