पुराणकथा, उत्खनन आणि श्रद्धा

दूरच्या गावांहून दर्शनासाठी आलेला भाविक गाभाऱ्यासमोर हात जोडतो, तीर्थप्रसाद घेतो आणि सभामंडपात घटकाभर विसावतो. अशा वेळी बरोबर आलेली, महाविद्यालयात शिकणारी नात सहज विचारते, ‘आजोबा, श्रीकृष्ण, द्वारका, भारतीय युद्ध हे सारे खरेच होऊन गेले का? त्याचा पुरावा सापडला आहे का?’ हा प्रश्न अश्रद्धेचा नव्हे. ज्याला आपल्या परंपरेविषयी आस्था आहे, त्यालाच तो पडतो. म्हणून त्याचे उत्तर टाळणेही उचित नव्हे.

आपल्या पूर्वजांनी महाभारतास ‘इतिहास’ म्हटले आहे. ‘इति ह आस’, म्हणजे ‘असे खरोखर घडले’, अशी या शब्दाची फोड केली जाते. त्यामुळे ‘हे केवळ काव्य आहे’ एवढे सांगून विषय संपत नाही. मात्र भूमीतून मिळणारी साक्ष कोणत्या प्रकारची असते, हेही जाणून घेतले पाहिजे. खापरे, राख, धान्य, भिंतींचे पाये, नाणी व शिलालेख हे पुरातत्त्वज्ञाचे साक्षीदार होत. माणसे कोठे व केव्हा राहिली, काय पिकवीत होती, कोणास पूजीत होती, हे त्यांवरून कळते. रणभूमीवर धनुष्य खाली ठेवणाऱ्या अर्जुनाच्या मनातील कल्लोळ मात्र कोणतेही खापर सांगू शकत नाही.

उत्तर प्रदेशातील हस्तिनापूर येथे १९५० ते १९५२ या काळात प्रा. बी. बी. लाल यांनी उत्खनन केले. तेथे राखाडी रंगाच्या, नक्षीदार भांड्यांचा वापर करणाऱ्या लोकांची वस्ती आढळली आणि त्या वस्तीचा काही भाग गंगेच्या महापुराने वाहून गेल्याच्या खुणाही दिसल्या. हा पूर इसवी सनपूर्व ८०० च्या सुमाराचा असावा, असे त्यांनी अनुमान केले. पुराणांत असे सांगितले आहे की, परीक्षितीच्या वंशातील निचक्षु राजाच्या काळी गंगेने हस्तिनापूर वाहून नेले व राजधानी कौशाम्बीस हलविण्यात आली. हा मेळ विचार करावयास लावणारा आहे. तथापि त्या थरात राजप्रासाद सापडले नाहीत. सापडली ती कुडाच्या व मातीच्या घरांची वस्ती. पांडवांचे नाव असलेली एकही वस्तू तेथे मिळालेली नाही.

द्वारकेची कथाही अशीच आहे. १९६३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. पुढे लोथलचे संशोधक डॉ. एस. आर. राव यांनी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात समुद्रतळाचा शोध घेतला. घडीव दगडांची बांधकामे, भोके असलेले दगडी नांगर आणि बेट द्वारका येथील हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील शंखाची मुद्रा यांवरून महाभारतातील द्वारका सापडल्याचे मत त्यांनी मांडले. त्याच संस्थेतील पुढील संशोधकांना मात्र द्वारकेच्या समुद्रातील बरीचशी बांधकामे व नांगर पुष्कळ नंतरच्या बंदराचे असावेत, असे वाटले. २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे पुन्हा शोधकार्य हाती घेतले. अर्थात हा प्रश्न अभ्यासकांच्या दृष्टीने मिटलेला नाही.

काळाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळे येथील शके ५५६ (इ. स. ६३४) च्या शिलालेखात भारतीय युद्धानंतर ३७३५ वर्षे लोटल्याचे कोरले आहे. त्यानुसार ते युद्ध इसवी सनपूर्व ३१०० च्या सुमारास येते. हस्तिनापुरासारख्या स्थळांवरील राखाडी भांड्यांचा काळ मात्र साधारणपणे इसवी सनपूर्व १२०० ते ६०० असा मानला जातो. ही दोन सहस्र वर्षांची तफावत प्रामाणिकपणे मान्य करावी लागते.

मग निश्चित असे काय हाती येते? मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे एक दगडी स्तंभ आहे. ग्रामस्थ त्यास ‘खांबबाबा’ म्हणून पूजीत व शेंदूर माखीत. १८७७ मध्ये कनिंगहॅम यांनी तो पाहिला, परंतु शेंदराच्या जाड पुटामुळे त्याखालचा लेख त्यांना दिसला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शेंदूर काढल्यावर तो प्रकट झाला. तक्षशिलेहून आलेला हेलिओडोरस नावाचा यवन राजदूत स्वतःस ‘भागवत’ म्हणवितो आणि देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज आपण उभारल्याचे सांगतो. हा लेख इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील आहे. आपल्या महाराष्ट्रात जुन्नरजवळील नाणेघाटात सातवाहनांच्या प्राचीन लेखाच्या आरंभीच संकर्षण व वासुदेव यांना वंदन केले आहे. म्हणजे दोन सहस्र वर्षांपूर्वी या भूमीत वासुदेवाची भक्ती नांदत होती आणि परदेशी माणसासही तिने आपलेसे केले होते, हे शिळेवर कोरलेले सत्य होय. त्यावरून वासुदेवाच्या चरित्रातील प्रत्येक प्रसंग सिद्ध होत नाही. भक्तीची प्राचीनता मात्र सिद्ध होते.

जे सिद्ध झालेले नाही, ते ‘विज्ञानाने सिद्ध झाले’ म्हणून सांगण्याचा मोह भाविकास होतो. त्यामागे प्रेम असते, हे खरे. परंतु महाभारतच येथे सावध करते. भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ अश्वत्थाम्याविषयीच्या एका अर्धसत्याने भूमीस टेकला. ज्याच्या विजयासाठी ते अर्धसत्य बोलले गेले, तो पक्ष धर्माचा होता. तरीही रथ खाली आला. देवाची बाजू घेऊन केलेली अतिशयोक्तीही याच न्यायाने तोलली पाहिजे. शिवाय आज एका दगडावर उभी केलेली श्रद्धा उद्या दुसऱ्या दगडाच्या शोधाने डळमळेल. त्याचप्रमाणे ‘पुरावा सापडला नाही, म्हणून घडलेच नाही’ हेही घाईचे विधान आहे. मातीची घरे, लाकडी रथ, ताडपत्रे व भूर्जपत्रे काळाच्या उदरात सहज नाहीशी होतात आणि जुन्या वस्त्यांचा बराच भाग अद्याप आजच्या गावांखाली आहे.

हेलिओडोरसाच्या स्तंभावर आणखी एक मजकूर आहे. दम, त्याग आणि अप्रमाद, अर्थात संयम, दान व सावधपणा, या तीन पायऱ्या आचरल्या असता स्वर्गप्राप्ती होते, असे त्यात म्हटले आहे. त्या यवन भक्ताने द्वारकेचा पुरावा मागितल्याचे कोठे नमूद नाही. आपल्या भक्तीतून काय आचरावे, तेवढे त्याने कोरून ठेवले. नातीच्या प्रश्नास आजोबांनी निःसंकोचपणे सांगावे, ‘बाळ, काही खुणा सापडल्या आहेत, काही प्रश्न अजून शिल्लक आहेत, आणि शोध चालू आहे. तूही शिकून त्यात भाग घे.’ असे खरे उत्तर देऊन पुन्हा हात जोडणाऱ्याची श्रद्धा उणी होत नाही.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥